पाण्यानं आणलं : संकटात देव धावून आला, असा तुमचा स्वतःचा अनुभव

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. हे लिहायचं लिहायचं म्हणून बरीच वर्षं मागं पडलं. परवा रात्री पावसाचा जोर वाढला, घरात पुन्हा "आयर्विनला किती झालं?" सुरू झालं आणि माझी झोप उडाली ती उडालीच. म्हटलं, आज लिहूनच टाकावं.

मी पलूस तालुक्यातला, कृष्णेच्या काठच्या एका गावचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडं पावसाळ्यात नदी फुटांत मोजतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २००५ ला ते ५४ च्या आसपास गेलं होतं. तेव्हा आमच्या जोत्याच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं आणि माघारी फिरलं. ती पायरी आमच्या घरात लक्ष्मणरेषा होऊन बसली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आजूबाजूची माणसं जनावरं सोडून, भांडीकुंडी माळ्यावर टाकून निघाली. आम्ही ती पायरी बघत बसलो. चूक आमचीच, दुसऱ्या कुणाची नाही.

६ ऑगस्टच्या रात्री पाणी घरात शिरलं ते दारातनं नव्हे, न्हाणीच्या मोरीतनं. आधी नुसता बुडबुड आवाज. मग फरशीवर काळं पाणी पसरलं. अर्ध्या तासात आम्ही माडीवर. आई, आण्णा, बायको आणि मी. आण्णा तेव्हा ७४ वर्षांचे, साखरेचा जुना आजार, दोन वेळा इन्सुलिन. लाईट दुपारीच गेली होती, म्हणजे फ्रीज बंद. आईनं इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तोंड दोऱ्यानं घट्ट बांधलं आणि पिण्याच्या पाण्याच्या माठात सोडली. चहूकडं पाणीच पाणी आणि प्यायला तेवढा एक माठ.

आमचा जिना अकरा पायऱ्यांचा. मी दर अर्ध्या तासानं बॅटरी मारून बघत होतो. पहाटेपर्यंत सात पायऱ्या बुडाल्या. आण्णा गोंदवल्याच्या महाराजांचे, तेरा अक्षरांचा जप त्यांच्या ओठावर चालूच होता. लहानपणापासनं तो जप माझ्या कानात आहे, पण त्या रात्री तो मला म्हणता येईना. अर्ध्यातच तुटायचा. तोंडातनं एवढंच निघायचं, "देवा, आता तूच." ना उजेड दिसला ना कुठला आवाज आला. बेडकं ओरडत होती आणि कुणाची तरी म्हैस हंबरत होती. ती पहाटे हंबरायची थांबली.

उजाडता उजाडता भिंतीवर ठण्ण करून काहीतरी आदळलं. खिडकीतनं बघतो तर काईल. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, गुऱ्हाळात उसाचा रस कढवायची ती लोखंडी, पसरट, आमच्या दोन खाटा मावतील एवढी. तिला पुढचा भाग नाही, मागचा भाग नाही. वल्हं मारलं की पुढं जायच्या ऐवजी जागेवरच गरगरते, म्हणून बांबूनं रेटत न्यावी लागते. तीत आमच्या गावातला एक गुळव्या उभा होता. खालच्या गल्लीतला. ओळख होती, पण येणंजाणं नव्हतं.

"कडंनं बसा, समोरासमोर. आन् अजाबात हालू नका," एवढंच तो बोलला. आधी आई-आण्णांना नेलं. आईनं माठ सोडला नाही. पिशवीच काढून घे म्हटलं तरी ऐकेना, अख्खा माठ मांडीवर धरून बसली. दुसऱ्या खेपेला तो आम्हा दोघांना न्यायला आला. शाळेच्या उंचवट्यावर उतरलो तेव्हा माझे पाय थरथरत होते आणि त्याच्या हाताची सालटी निघाली होती.

पाणी ओसरल्यावर मी त्याच्याकडं गेलो, पाया पडलो. तो मागं सरकला. म्हणाला, "मी तुमच्याकडं आलोच न्हवतो. भनीकडं निघालतो. चावडीच्या कोपऱ्यावर वढ लागली, काईल गर्रकन फिरली आन् तुमच्या भितीला धडाकली. तुमाला मी न्हाई, पाण्यानं आणलं." त्याची बहीण आदल्या संध्याकाळीच लेकरं घेऊन शाळेत गेली होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

ज्या पाण्याला मी रात्रभर भीत होतो, त्याच पाण्यानं त्याला दारात आणून सोडलं. मला दुसरा कुठला देव बघायचा राहिला नाही.

आता ज्यासाठी धागा काढलाय ते. आम्ही निघालो ७ तारखेला. ८ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली. पुरातनं निघायचं म्हणून बसलेली माणसं, बायका, लेकरं गेली. आमच्यासारखीच माणसं, तीच नदी, मध्ये फक्त एक दिवस. आणि मी कुणालाही "देवानं आम्हाला वाचवलं" म्हणायला गेलो की जीभ अडखळते. आभार मानायचे तर आहेत, पोटातनं मानायचे आहेत, पण कुणाच्या तोंडावर?

तुमचे अनुभव लिहा. स्वतःचे लिहा, ऐकीव नको.

---

माणदेशी

दादा, वाचताना हात गार पडले.

आमच्याकडं उलटं. माण तालुक्यात पाण्यानं कधी कुणी घाबरत नाही, पाण्यावाचून घाबरतात. २०१३ चं साल. वडील जनावरं घेऊन चारा छावणीत मुक्कामाला, मी बारावीत, घरी आई आणि धाकटी बहीण. ज्वारीचं पोतं संपलं त्या दिवशी आईनं पोतं उलटं करून झटकलं आणि पाखडून मूठभर दाणे काढले, ते मी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, चला, गोंदवल्याला दर्शनाला जाऊ. चालत गेलो. दर्शन झालं आणि प्रसादाला बसलो. तिथं रोज अन्नदान असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण आम्ही दर्शनाला नाही, जेवायलाच गेलोय हे वाढणाऱ्याला कळेल या भीतीनं मी मान खाली घालून बसलो होतो. भात, आमटी. वाढणारे काका दोनदा पुढं गेले आणि तिसऱ्यांदा माझ्यासमोर थांबले. काही विचारलं नाही. पानात भाताचा ढीग केला, वर पळीभर आमटी ओतली आणि हळूच म्हणाले, "सावकाश." बस्स, एवढंच.

त्या आमटीची चव मी आजही सांगू शकतो. जरा गोडसर, गरम, जीभ भाजली होती. देव चांगला आहे की नाही यावर कुणी वाद घालायला लागलं की मला ती पळी आठवते. त्या वर्षी एक बैल विकावा लागला तो लागलाच. तेवढं संकट काही टळलं नाही.

---

नदीवरची पोरं

भावनेचा विषय आहे, तरी एक सांगतो, राग मानू नका. मी २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत बोटीवर होतो. २०२१ च्या जुलैतही आयर्विन ५५ च्या घरात गेलं होतं, पण माणसं आधी निघाली म्हणून त्रास कमी झाला. मागच्या पुराची खूण धरून बसू नका. २०१९ ला ५७ च्या वर गेलं, उद्या आणखी वर जाईल. ४० ला भोंगा वाजला की म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि आजारी माणसं आधी हलवा. औषधं, रेशनकार्ड, चार्जर एका पिशवीत तयार ठेवा. बोटीत सांगितलेल्यापेक्षा एक माणूस जास्त बसवू नका, रडून विनवलं तरी.

देवाचा धावा मीही करतो. बोट सोडताना दर वेळी नदीला हात लावून कपाळाला लावतो.

---

मेणवली घाट

धागाकर्त्यांनी शेवटी जो प्रश्न टाकलाय, त्याच्यासाठीच लिहितोय. नाहीतर असल्या धाग्यांवर मी येत नाही.

२५ जानेवारी २००५. मांढरदेवची यात्रा. माझी चुलती गेली होती. चिंचोळ्या पायऱ्या, त्यावर नारळाचं पाणी, माणूस घसरला की वर माणूस, दुकानांना आग. तीनशेच्या आसपास माणसं गेली. चुलती त्यांतली एक.

ती मागायला गेली नव्हती, फेडायला गेली होती. म्हणजे काळूबाईनं तिचं ऐकलं होतं. नवस पुरा झाला म्हणून नवी साडी नेसून गेली. ती साडी बघूनच काकांनी ओळख पटवली.

तेराव्याला गावातली एक बाई आली. तीही त्याच गर्दीत होती, वाचली होती. सगळ्यांदेखत म्हणाली, "मला देवीनं हाताला धरून ओढून काढलं. भक्ती खरी असली की ती सोडत न्हाई." तिच्या समोर माझा चुलत भाऊ बसला होता, १२ वर्षांचा, डोकं भादरलेला. त्यानं वर बघितलं. ती नजर मला आजही विसरता येत नाही. तो आज चांगला कमावता आहे, दोन मुलं आहेत, पण त्यानंतर तो कुठल्याही देवळाची पायरी चढलेला नाही.

देव नाही असं मला म्हणायचं नाही. त्या बाईनं खोटं सांगितलं असंही म्हणत नाही, तिला खरंच कुणीतरी ओढलं असेल. मला एवढंच विचारायचंय की त्या पोरासमोर बसून तुम्ही तुमचा अनुभव कसा सांगाल? ज्याला सांगता येईल त्यानं सांगावा. माझ्याकडं उत्तर नाही.

---

कोयनाकाठ

मेणवली घाट, उत्तर नाही देत, आमच्या आजीचं सांगते. (ऐकीव नाही, डोळ्यांनी बघितलेलं.)

११ डिसेंबर १९६७, पहाटेचा भूकंप. आमचं गाव पाटण तालुक्यातलं. आजी वाचली, शेजारचं घर मातीत गेलं. आजी मरेपर्यंत दर ११ डिसेंबरला पहाटे उठून तुळशीपाशी दिवा लावायची. एका निरांजनात दोन वाती, एकीला एक न चिकटवता वेगवेगळ्या ठेवलेल्या. एक आपली आणि एक त्यांची. देवानं वाचवलं हे शब्द तिच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाहीत. दिवा मात्र एकदाही चुकला नाही.

---

हळदगाव

मी हरिपूरचा, वारणा कृष्णेला मिळते तिथला. पेवांच्या कामावर वडिलांच्या हाताखाली वाढलो. नव्या पोरांना पेव माहीत नसतं. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं. आत चगाळ, चटया लावून हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं किडा लागायचा नाही. २००५ च्या पुरानं पेवांची वाट लावली, पण माझी गोष्ट त्याच्या आधीची.

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. आत हवा मेलेली असते. तासन् तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूस विझणार. हे मला लहानपणापासनं पाठ. पण मी १७ वर्षांचा, बाहेर ट्रक उभा, व्यापाऱ्याची घाई. "हाय की हवा," म्हणून मी पाय सोडले.

वडिलांनी आधीच कमरेला दोर बांधला होता. कधी बांधत नव्हते. त्या दिवशीच बांधला. मी तेव्हा चिडलो होतो, गडी हसतील म्हणून.

खाली पाय टेकले, हळदीचा वास नाकात गेला आणि पुढचं काही आठवत नाही. आठवतो तो फक्त दोर. काखेपर्यंत सरकून मांसात रुतलेला. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडावर पाणी मारत होते आणि वडील शिव्या देत रडत होते. दोन्ही काखेत वळ पंधरा दिवस होते.

नंतर विचारलं, दोर का बांधला? म्हणाले, "सुचलं."

आपल्या भाषेत हा शब्द बघा. मी विचार केला, मी ठरवलं, असं ते म्हणाले नाहीत. सुचलं म्हणाले. कुणीतरी सुचवल्याशिवाय सुचतं का? मी तिथं देव मानतो. मेणवली घाटदादा, तुमच्या चुलतीच्या वेळी कुणाला का सुचलं नाही, हे मला सांगता येणार नाही. सांगायला गेलो तर वडिलांच्या दोराचा अपमान होईल आणि तुमच्या चुलतीचाही.

---

जुनं मिशन आवार

मी मिरजेची, ख्रिस्ती, नोकरीभर नर्स. आता निवृत्त. मुलगी टाईप करून देतेय.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडनं मीच आडवी झाले. कुठला दवाखाना ते सोडून द्या, सगळीकडं तीच गत होती. ऑक्सिजन आज पुरला, उद्याचं माहीत नाही. शेजारच्या कॉटवर एक मुसलमान बाई. माझ्याएवढीच असेल. रात्री मास्कमधनं बोलता येत नव्हतं. ती मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या दिशेला हात करून दुवा मागायची, मी येशूकडं मागायचे. मध्ये दोन कॉटच्या फटीत आमचे हात एकमेकींच्या हातात. नर्स म्हणून मी हजारो हात धरले असतील, पण माझा हात कुणी धरायची ती पहिलीच वेळ.

तिसऱ्या रात्री ती गेली. मी वाचले. दोघींची प्रार्थना एकच होती.

आमच्याकडं दाविदाचं एक स्तोत्र आहे, ३४ वं. परमेश्वर चांगला आहे हे चाखून पाहा, असं त्यात म्हटलंय. दावीद तेव्हा जिवाच्या भीतीनं पळत होता. परक्या राजासमोर वेड्याचं सोंग घेऊन सुटला, असं त्या स्तोत्राच्या माथ्यावरच लिहिलंय. लहानपणी आम्हाला ते पाठ करायला लावायचे, पण तेवढी गोड ओळच लक्षात राहायची. त्याच स्तोत्रात पुढं असंही आहे की नीतिमान माणसावर पुष्कळ संकटं येतात. नीतिमानावर! म्हणजे संकट आलं तो पापी आणि सुटला तो पुण्यवान, हा हिशेब त्या स्तोत्रातच बसत नाही. ही ओळ मला साठी उलटल्यावर त्या कॉटवर सापडली.

मेणवली घाट, तुमच्या प्रश्नावर. मी बरी झाल्यावर त्या बाईच्या मुलीला शोधून काढलं. तिच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. देवानं मला राखलं, असं तिथं तोंडातनं निघालंच नाही, निघायला नकोच होतं. मी म्हटलं, "बेटा, तुझी आई शेवटी एकटी नव्हती. तिचा हात माझ्या हातात होता. आणि मी भ्याले नाही ते तिच्यामुळं." ती पोर माझ्या गळ्यात पडली आणि आम्ही दोघी पोटभर रडलो. आता दर ईदला तिच्याकडनं शिरखुर्मा येतो, नाताळला माझ्याकडनं करंज्या जातात.

त्या बारा वर्षांच्या मुलाला कुणीतरी त्याच्या आईचं सांगायला पाहिजे होतं. स्वतःचं नव्हे.

---

मेणवली घाट

मावशी, तुमचा प्रतिसाद मी चुलत भावाला पाठवला. त्यानं वाचलाय, निळी खूण दिसतेय. अजून काही बोललेला नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

हळदगाव, तुम्ही सांगता येणार नाही म्हणालात त्याबद्दल आभार. वीस वर्षांत मला कारण सांगणारे पुष्कळ भेटले.

---

माणदेशी

मावशींच्या प्रतिसादापुढं काही लिहवत नाही. फक्त एक राहिलं होतं. आता मी महिन्यातनं एकदा गोंदवल्याला वाढायला जातो. मान खाली घालून बसलेलं पोर लगेच ओळखू येतं. त्याला काही विचारत नाही.

---

कृष्णाकाठचा

दोन दिवस शेतात पाणी साचलं होतं, त्यामुळं इकडं यायला उशीर झाला. आयर्विन आज उतरतंय, काळजी नाही.

सगळं दोनदा वाचलं. आण्णांनाही वाचून दाखवलं. ते आता ऐंशीच्या पुढं गेलेत, इन्सुलिन चालूच आहे. हळदगाव यांच्या वडिलांचं "सुचलं" ऐकलं तेव्हा त्यांनी जप थांबवला आणि म्हणाले, "परत वाच."

मला माझं कुठं अडत होतं ते कळलं. मी "देवानं वाचवलं" म्हणायचो आणि पुढं नकळत "कारण" यायचं. आण्णांचा जप होता म्हणून. आईची पुण्याई म्हणून. नातेवाईक तर रोज नवं कारण जोडून द्यायचे आणि मी मान डोलवायचो. मांढरदेवच्या त्या बाईचंही तिथंच चुकलं. तिचा अनुभव खरा असेल, पण पुढं जोडलेलं कारण तिचं स्वतःचं होतं, देवीनं सांगितलेलं नव्हतं. ब्रह्मनाळच्या माणसांच्या ओठावर जप नव्हता का? होताच असणार. ज्या घरातली माणसं गेली त्या घरांत देव्हारे आमच्याएवढेच जुने आहेत.

आभार मी मानणार. ते मानले नाहीत तर तेही खोटंच होईल. जिन्याच्या सात पायऱ्या बुडालेल्या मी बघितल्यात आणि ठण्ण आवाज या कानांनी ऐकलाय. पण "वाचवलं" या शब्दापाशी थांबणार. पुढचं मला माहीत नाही आणि ते माझ्याकडं मागितलेलंही नाही. येत्या ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला जाऊन यायचं मनात आहे. पाच-सहा वर्षं त्या रस्त्यानं जायचं टाळत होतो. तिथं काही बोलणार नाही. कुणी त्यांच्या माणसाचं सांगितलं तर ऐकून घेईन.

माणदेशी यांनी आमटीची चव लिहिली म्हणून एक सांगायचं राहिलं ते सांगतो. ती काईल पूर ओसरल्यावर चिखलातनं ओढून काढली. कडेला एक पोचा पडलाय, आमच्या भिंतीचा. गुळव्यानं ती राखेनं, चिंचेनं घासघासून लख्ख केली आणि त्याच हंगामात चुलाणावर चढवली. आजही तिच्यातच गूळ होतो. दरवर्षी पहिल्या काईलीची काकवी तो तांब्याभर आमच्याकडं पाठवतो. आण्णांना साखर वर्ज्य, तरी त्या दिवशी ते बोट बुडवून जिभेला लावतात आणि आई बघून न बघितल्यासारखं करते.

मेणवली घाट, गुऱ्हाळ दिवाळीनंतर सुरू होतं. चुलत भावाला घेऊन या. देवळात जायचं काही नाही, थेट गुऱ्हाळावर. भिलवडी स्टेशनला उतरा, मी गाडी घेऊन येतो. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.